टोपीवाल्याचं कुंकू

बर्मिंगहॅम
१५ सप्टेंबर १९९१

ती. सौ. सुहासताईस,
हरीशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन असताना पत्रं कसली लिहिता म्हणून तुझी भाची सीमा मला हसते. पण आमचा फोन हॉलमध्ये, आणि फोनशेजारच्या खुर्चीत आई. तेव्हा आईविषयी जे बोलायचं ते कागदावरच बरं. तूही उत्तर घरी पाठवू नकोस, माझ्या फॅक्टरीच्या पत्त्यावर टाक.

आईचे गुडघे फार दुखतात. अण्णा गेल्यावर तिला सांगलीहून आणलं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा ती जिना निदान कठडा धरून चढायची, आता बसत बसत चढते. बाथरूम वर, टॉयलेट वर, झोपायचं वर. म्हणून मी ठरवलंय की मागच्या बागेत तिच्यासाठी एक खोली बांधायची, बाथरूमसकट. एक सरदारजी बिल्डर जागा बघूनसुद्धा गेला. आईला सांगितलं की गटार तपासायला आलाय.

आता पैसे कुठून आणणार हे तू विचारणारच. तर हसू नकोस. माझ्या बेसबॉल कार्डांतून! कंपनीने डेट्रॉइटला वर्षभर पाठवलं होतं तेव्हापासूनचा माझा नाद तुला माहीत आहे. तिकडे च्युइंगमच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं निघतात. पूर्वी शाळकरी मुलं जमवायची, आता मोठी माणसं शेअर्ससारखी जमवतात. माझ्याकडे नव्या खेळाडूंची सीलबंद खोकी आहेत, ती खालच्या जेवणाच्या खोलीत छतापर्यंत रचलीत. ओलीने कार्डं वाकतात, म्हणून तिथला हीटर मी बारा महिने चालू ठेवतो. अलका त्यावरून कावते, पण गुंतवणूक म्हटली की एवढं करावंच लागतं. जेवतो आम्ही किचनमध्येच.

पण खरा हुकमाचा एक्का वेगळाच. डेट्रॉइटच्या घरमालकीण म्हातारीने माळा आवरताना एक जुनं कार्ड मला दिलं होतं, मी तिच्या दारातलं बर्फ उपसायचो म्हणून. पन्नासच्या सुमाराचं, एका डावखुऱ्या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं. चारी कोपरे टोकदार, चेहऱ्यावर एक डाग नाही. डिसेंबरात लंडनला एका हॉटेलात अशा कार्डांचा मेळावा आहे. तिथल्या एका व्यापाऱ्याने फोटो पाहून शब्द दिलाय. हे एक कार्ड गेलं की आईची खोली उभी राहिली म्हणून समज. खोली झाली की एकदम किल्ली हातात द्यायची. तोवर तोंडाला कुलूप लाव.

लोभ आहेच, तो असाच राहो. चिडवणं जरा कमी केलंस तरी चालेल.
तुझा हरीश


साउथहॅम्प्टन
२४ सप्टेंबर १९९१

चि. हरीश यास,
सुहासताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वॉर्डात राउंड झाल्यावर वाचलं आणि एकटीच हसत बसले. नर्सला वाटलं डॉक्टरीणबाईंना सुट्टीची गरज आहे. अरे, ज्या खेळाचे नियम तुला सांगता येत नाहीत त्याची चित्रं तू खोक्यांनी घेतोस? मागे मी विचारलं तेव्हा तू म्हणाला होतास की एकजण चेंडू फेकतो, दुसरा दांडकं फिरवतो आणि दोघंही थुंकतात. तेवढ्या ज्ञानावर गुंतवणूक! तुझे मेहुणे म्हणतात, हरीशने निदान थुंकणारे तरी निवडून घेतले असतील.

पण तुझा स्वभाव पहिल्यापासून हाच. सांगलीला काडेपेट्यांवरची चित्रं जमवायचास, आठवतं? खाटेखाली दोन डबे भरून. आईला वाटलं कचरा, तिने डबे बंबात रिकामे केले आणि त्या पाण्याने तुलाच न्हाऊ घातलं. तू जो सूर लावलास तो मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेला. आई आजही तो विषय निघाला की पदर सारखा करते.

खोलीची कल्पना मात्र सोन्यासारखी आहे, देव तुझं भलं करो. मी चकार शब्द काढणार नाही. एक माझंही ऐक. अण्णा गेल्यापासून लक्ष्मीपूजनाला आई मागे सरून कोपऱ्यात बसते, अलकाला पुढे करते. मला ते बघवत नाही. यंदा पूजा तिलाच करायला लाव. नाही म्हणेल, पण तू हट्ट कर. हट्ट तुला छान जमतो.

अलका आणि सीमाला माया सांग. जप, आणि खोक्यांपेक्षा माणसांना जास्त जप.
तुझी ताई


बर्मिंगहॅम
७ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. सुहासिनी हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुम्हा उभयतांची खुशाली कळवणे.

यंदा लक्ष्मीपूजन मंगळवारी आलं आणि काय सांगू, अख्खं बर्मिंगहॅम फटाके उडवत होतं! सीमा म्हणाली की इंग्रजांची कुणाचा तरी पुतळा जाळायची ती रात्र असते. असेना का. लक्ष्मीला आवाज ऐकू आला म्हणजे झालं.

अलकाची हॉस्पिटलात लेट शिफ्ट होती. हरीशने आठ दिवस आधीपासून धोशा लावला होता की पूजा तूच करायची. मी पुष्कळ सांगितलं, बाबा रे, माझ्या हातून नको, बरं दिसत नाही. तो ऐकेचना. म्हणाला की तू बसली नाहीस तर यंदा पूजाच नको. मग काय करते? मुहूर्त टळायला नको म्हणून तो कामावरून यायच्या आधी मीच बसले. पाटावर लाल खण अंथरला, माझ्या पाटल्या, अलकाचा हार, बिल्डिंग सोसायटीचं पासबुक मांडलं. नवी केरसुणी या देशात मिळायची कुठे? सीमाने केर ओढायचा तो हूव्हर आणून ठेवला. त्यालाही कुंकू लावलं.

मग माझ्या मनात आलं, हरीश सारखा म्हणतो, आई, या घरात खरं सोनं एकच, तो माझा टोपीवाला. म्हणजे ते चित्र गं, स्क्रू लावलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेलं. मग पाटल्या लक्ष्मीपुढे आणि खरं सोनं कपाटात? ते बरं दिसेना. आणि प्लॅस्टिकवरून कुंकू लावणं म्हणजे पाहुण्याला दाराबाहेर चहा देण्यातली गत. अण्णांच्या चष्म्याचा बारका स्क्रू-ड्रायव्हर मी जपून ठेवलाय, त्याने डबी उघडली. बोट ओलं करून आधी हळद लावली, वर कुंकू, त्यावर अक्षता. टोपीखाली कपाळ कमी, पण बसलं बरोबर. किती शोभला म्हणून सांगू!

त्याच्या काडेपेटीच्या चित्रांचं मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं सलत होतं. आज त्याचं चित्र लक्ष्मीशेजारी बसवलं आणि मला हलकं वाटलं. हरीश आला तो दारातच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला की फार छान केलंस. माझंही मन भरून आलं.

फराळाचं पार्सल टाकलं आहे. चकल्या जरा मऊ पडल्या, इथली हवाच तशी. पत्र धाडत जा, वाट बघते.
तुझी आई


बर्मिंगहॅम
८ नोव्हेंबर १९९१

ती. सौ. सुहासताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र तुला मिळालं असेल, तेव्हा पुन्हा काय सांगू? कपाळाच्या मधोमध, चांगलं रुपयाएवढं! हळदीचा ओला डाग पाठीमागपर्यंत उतरलाय. एक अक्षता नाकाला चिकटली होती, ती काढताना नाकावरचा छापही तिच्याबरोबर आला. चाळीस वर्षं ज्याला कुणी बोट लावलं नाही, त्याला माझ्या आईने औक्षवंत करून ठेवलं.

ताई, मी दारात उभा राहिलो तेव्हा ओरडणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण आईकडे बघितलं. समईच्या उजेडात ती अशी बसली होती, पूर्वी अण्णा असताना बसायची तशी, पाठ ताठ. तीन वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती. मग मला रडू आलं, आणि ते तिला आनंदाचं वाटलं. तेवढं एक बरं झालं.

तिला हे कधीही कळता कामा नये. कळलं तर ती काय म्हणेल हे तुला मी सांगायला नको. विधवेच्या हातून पूजा झाली आणि घरातलं सोनं मातीमोल झालं, हेच म्हणेल. परत कधी देवापुढे बसायची नाही. मी तिला ठोकून दिलंय की अमेरिकन लोकांना असा आशीर्वाद दिलेला फार आवडतो, भाव वाढेल.

तू डॉक्टर आहेस. कागदावरची हळद कशाने जाते? काल सगळे झोपल्यावर कापूस घेऊन किचनमध्ये बसलो होतो, तर डाग पसरला. लवकर कळव. तुझ्या शब्दाचा आधार वाटतो.
हरीश


साउथहॅम्प्टन
१३ नोव्हेंबर १९९१

चि. हरीशला आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले, खोटं कशाला सांगू. हूव्हर वाचला तेव्हाच हसू आलं होतं. मग तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि पदर डोळ्याला लावला.

हळद कशानेही जात नाही राजा. जात असती तर आपल्या बायकांच्या निम्म्या साड्या वाचल्या असत्या. कापूस खाली ठेव, पुन्हा हात लावू नकोस. आणि पूजेला आईला बसव हे टुमणं माझं होतं, तेव्हा निम्मं पाप माझ्या खाती लिही. आईला माझ्याकडून काही कळणार नाही.

मेळाव्याला तरी जाऊन ये. एवढा मोठा व्यापारी, एखादा वेडा गिऱ्हाईक ओळखीचा असेल त्याच्या.

धीर सोडू नकोस. बहीण पाठीशी आहे, नुसती हसायला नाही.
ताई


बर्मिंगहॅम
१६ डिसेंबर १९९१

ती. सौ. सुहासताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. व्यापारी म्हणजे एक गलेलठ्ठ, भला गोरा म्हातारा. त्याने भिंग लावून बघितलं आणि मला विचारलं की हे केचप आहे का. मी सांगितलं, माझ्या आईने याची पूजा केली आहे. त्याने भिंग खाली ठेवलं. मग कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं आणि म्हणाला, घरी घेऊन जा, आशीर्वादाला मी किंमत लावू शकत नाही. बोलला गोड, पण सौदा संपला.

मग मी खोक्यांचं विचारलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, जुनी कार्डं महाग का, तर त्या काळच्या आयांनी ती कचऱ्यात टाकली म्हणून. आता जो तो खोकी सीलबंद जपून ठेवतोय, कुणाची आई टाकत नाहीये, मग ती दुर्मीळ व्हायची कधी? ताई, मला एकदम आपला बंब आठवला. आईने तेव्हा केलं ते धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं, आणि आता केलं ते चूक!

असो. सरदारजींना नको म्हणून कळवलं. बागेत खुंट्या ठोकल्या होत्या त्या उपटल्या. आईने विचारलं की गटार सापडलं का. मी म्हटलं, सापडलं.

तुझ्या कुशीत डोकं घालून बसावंसं वाटतं, पण चाळिशी उलटल्यावर ते शोभत नाही. लोभ ठेव.
हरीश


बर्मिंगहॅम
१२ जानेवारी १९९२

ती. आत्याला,
सीमाचा नमस्कार.

माझा मराठी चांगला नाही पण आजी म्हणते इंग्लिशमध्ये लिहिली तर आत्या उत्तर देणार नाही. सो मी ट्राय करते. चुका झाला तर हसू नको.

आजी सांगलीला परत जाते. तिने बाबांना मार्चचा तिकीट काढायला सांगितला. तिची मोठी बॅग पॅक करून बेडखाली आहे, मी बघितली. बाबा विचारतात का, तर ती म्हणते तुम्हाला माझा त्रास नको, गुडघे दुखतात. आई रडते.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितला नाही. मी हॉलिडेमध्ये घरी होते तेव्हा बघितलं, आजी सकाळी एकदा खाली आली की रात्रीपर्यंत वर जात नाही. म्हणून ती दुपारी चहा पीत नाही. पाणी पण नाही. मला वाटलं उपास आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, टॉयलेट वर आहे ना बाळा, कोण चढणार. आत्या, आजीला चहा किती आवडते तुला माहिती आहे.

प्लीज काहीतरी कर. बाबा तुझं ऐकतात.
तुझी लाडकी,
सीमा


साउथहॅम्प्टन
१५ जानेवारी १९९२

हरीश,
आशीर्वाद नेहमीचे आहेतच, पण आज शिव्या आधी.

तुझ्या लेकीचं पत्र आलं. तिच्या मराठीला हसायचं सोडून मी कॅन्टीनमध्ये रडत बसले. आपली आई, जिला चार वाजले की चहाशिवाय समोरचं दिसत नाही, ती जिन्याच्या भीतीने दिवसभर घोटभर पाणी पीत नाही. मी बालरोगतज्ज्ञ असले तरी सांगते, अशाने तिची किडनी जाईल. आणि तू काय करतो आहेस? टोपीवाल्याचं सुतक पाळतो आहेस!

अरे शहाण्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझ्या घरात खाली एक चांगली खोली आहे. बागेकडे खिडकी आहे, बारा महिने हीटर चालू आहे. तिथे कोण राहतं? ज्यांना जिना चढायचा नाही, टॉयलेटला जायचं नाही, ज्यांचे गुडघे दुखत नाहीत, ती खोकी! ती गारठू नयेत म्हणून ऊब, आणि आई वर थंड खोलीत गोधडीत. मला तू हे स्वतःच्या हाताने लिहिलंस आणि मलाही तेव्हा उमगलं नाही, म्हणून हा राग थोडा माझ्यावरही आहे.

जिन्याखाली तुम्ही कोट टांगता तिथे टॉयलेट आणि शॉवर मजेत बसतो. त्याला टोपीवाला विकावा लागत नाही. सरदारजींना परत बोलाव. आणि खोकी गाडीत भरून माझ्या वॉर्डात आणून टाक. माझी पोरं पायाला प्लास्टर घालून आढ्याकडे बघत पडलेली असतात, फोडू देत त्यांना पाकिटं.

उशीर केलास तर पुढचं पत्र मी स्वतः घेऊन येईन.
रागावलेली, पण तुझीच,
ताई


बर्मिंगहॅम
९ मार्च १९९२

ती. सौ. सुहासताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्या संध्याकाळी मी जेवणाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. इतकी ऊब होती की कोट काढावा लागला. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग झालं ते तुला माहीतच आहे, खोकी तुझ्या वॉर्डात मीच उतरवली. प्लास्टरवाल्या त्या मुलीने पहिलं पाकीट फोडलं, कार्डं खाली टाकली आणि च्युइंगमची पट्टी तोंडात घातली. ती पट्टी कौलासारखी कडक झालेली! इतकी वर्षं जपलेल्या मालातून पहिला आनंद कुणाला मिळाला असेल तर तिला.

आई गेल्या आठवड्यात खाली राहायला आली. सरदारजींनी काम चोख केलं. अलकाने पडदे शिवले. आई म्हणाली की कशाला उगीच खर्च. तिकीट रद्द केलं, पण तिने एवढंच कबूल केलंय की दिवाळीपर्यंत बघू. चहा पिते, मात्र ती बॅग वरून खाली आणली आणि तशीच भरलेली नव्या पलंगाखाली ठेवली. आता जिना नाही, थंडी नाही, तरी ती का जाऊ बघते हे मला कळत नाही. तुला कळलं तर सांग. तुला नेहमी माझ्या आधी कळतं.

आशीर्वाद असू दे.
हरीश


बर्मिंगहॅम
२७ ऑक्टोबर १९९२

चि. सौ. सुहासिनी हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळी झाली. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, त्यामुळे सगळे घरात होते. मी अलकाला सांगून ठेवलं होतं की पूजेला तू बस, मी मागून बघते. तुला आज खरं ते लिहिते. गेल्या वर्षी पूजेनंतर दोन दिवसांनी तहान लागली म्हणून मी रात्री बसत बसत जिना उतरले, तर किचनमध्ये दिवा होता. हरीश कापूस घेऊन त्या चित्राशी बसला होता आणि पोरासारखा रडत होता. मी तशीच पाणी न पिता वर गेले. म्हातारी झाले, आंधळी झाले नाही. अमेरिकन लोकांना कुंकू आवडतं, ही थाप त्याने मला मारली तेव्हाच मला शंका आली होती. लहानपणी चित्रं जाळली, आता हे. माझ्या हाताला यश नाही, आपण या घरात नकोच, असं मनाने घेतलं. गुडघे काय गं, ते सांगलीतही दुखलेच असते.

तर परवा मी कोपऱ्यात बसले, आणि हरीश माझ्यापुढे येऊन बसला. त्याच्या हातात अण्णांचा स्क्रू-ड्रायव्हर. त्याने स्वतः ती डबी उघडली, टोपीवाल्याला बाहेर काढलं आणि हातावर ठेवून माझ्यासमोर धरलं. म्हणाला, आई, याचं कुंकू फिकं पडलंय, लाव. मी हात मागे घेतला. म्हटलं, अरे, एकदा नासवलं तेवढं पुरे. मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. तरी त्याचा हात पुढेच होता. मग तो म्हणाला की याला कुंकू लागलं नसतं तर हा कधीच विकला गेला असता, मी बागेत खोली बांधत बसलो असतो आणि तुझा चहा सुटलेला मला कळलाही नसता. नासलं असतं तर मी याला जपून ठेवलं असतं का?

सुहास, मी पुढे सरकून बसले. पण बोट घसरलं आणि कुंकू टोपीपर्यंत गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हरीशने बघितलं आणि म्हणाला, असू दे, पुढच्या वर्षी नीट लाव.

जावईबापूंना आशीर्वाद. नाताळात नक्की या, वाट बघत बसणारी मी आहेच.
तुझी आई

ता. क. पलंगाखालची बॅग आज रिकामी केली. सीमा कॉलेजला जाईल तेव्हा तिला उपयोगी पडेल.